कॉम्प्युटर कंपनीचा शेअर घेण्याआधी गोदाम तपासा

या तयारीला एक मोकळी संध्याकाळ पुरते. कंपनीचे गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल आणि ताजे पाच तिमाही निकाल उतरवून घ्या. अमेरिकी कंपनीच्या वार्षिक अहवालाला टेन-के म्हणतात; तो एसईसी या अमेरिकी शेअर बाजार नियामकाच्या एडगर साइटवर फुकट मिळतो. ॲपवरचे तयार रेशो नकोत, कारण कोणी साठ्याला विक्रीने भागतो, कोणी खर्चाने. एक्सेलमध्ये विक्री, विकलेल्या मालाचा खर्च, साठा, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) आणि देणी (पुरवठादारांना द्यायचे पैसे) असे पाच रकाने करा. सहावा तूर्त रिकामा ठेवा.

आकडे भरताना वर्षअखेर बघा. ॲपलचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं, एचपीचं ऑक्टोबरमध्ये, डेलचं जानेवारीअखेरच्या आसपास, लेनोवोचं मार्चमध्ये. नव्या मॉडेलच्या किंवा सणाच्या तोंडावरचा साठा आणि सणानंतरचा साठा शेजारी ठेवलात तर निष्कर्ष चुकणारच. तुलना त्याच कंपनीच्या गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

आता साठ्याचे दिवस काढा: साठा भागिले विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले 365. ॲपलचा साठा 2022 मध्ये 4.95 अब्ज डॉलर होता, 2024 मध्ये 7.29 अब्ज. खर्च अनुक्रमे 223.5 आणि 210.4 अब्ज. म्हणजे आठ दिवसांचे साडेबारा झाले. पण या खर्चात सेवांचा खर्चही आहे, आणि सेवा गोदामात पडून राहत नाहीत. अहवालात वस्तूंचा खर्च वेगळा दिलेला असतो, 201.5 आणि 185.2 अब्ज, त्याने भागलं की नऊचे चौदाच्या वर जातात. या दोन वर्षांत साठा 47 टक्के वाढला आणि विक्री 394 वरून 391 अब्जांवर आली. साठा विक्रीच्या पुढे पळू लागला की तिथे खूण करायची.

सहावा रकाना साठ्यात न दिसणाऱ्या एका आकड्यासाठी. ॲपल बरेच सुटे भाग स्वतः विकत घेऊन जुळणी करणाऱ्या कंत्राटदारांना विकते. त्याचे पैसे ताळेबंदात पुरवठादारांकडची बिगर-व्यापारी येणी म्हणून दिसतात: 2024 मध्ये 32.8 अब्ज, साठ्याच्या साडेचारपट. ही सगळी रक्कम साठा धरू नका, पण तिच्याकडे न बघता ‘दोनच आठवड्यांचा माल’ म्हणून टाळ्याही वाजवू नका.

दिवस वाढले म्हणजे शेअर वाईट, असंही नाही. ॲपलसारख्या भरपूर नफा ठेवणाऱ्या कंपनीला पाच दिवस जड जात नाहीत. विंडोज लॅपटॉप विकणाऱ्याला जातात. समजा, सुट्या भागांचे भाव आठवड्याला एक टक्का उतरताहेत, कंपनीकडे नऊ आठवड्यांचा माल आहे आणि निव्वळ नफा विक्रीच्या पाच टक्के. लासलगावच्या चाळीतल्या कांद्यासारखी घट बसते आणि ती नफ्यापेक्षा मोठी निघते. डेलने नव्वदच्या दशकाअखेर ऑर्डर आल्यावरच मशीन जोडून साठा सहा-सात दिवसांवर आणला, तो याच हिशोबाने. मेमरीचे भाव चढत असतील तेव्हा मात्र गणित उलटतं; आधीच भरून ठेवलेला माल कमाई देतो. म्हणून तळटिपेत सुटे भाग आणि तयार माल यांची फोड बघा. सुटे भाग वाढले तर ती तयारी असू शकते. तयार माल वाढला आणि विक्री थंड असेल तर बहुधा सूट द्यावी लागणार, आणि पुढच्या तिमाहीत ढोबळ नफ्याचं प्रमाण घसरलेलं दिसेल.

कंपनीच्या ताळेबंदात नसलेला साठाही असतो: डीलरकडचा. माल डीलरला गेला की विक्री धरली जाते, गिऱ्हाईक येवो न येवो. येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढताहेत का ते तपासा. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराला मागच्या वर्षीची मॉडेलं किती पडून आहेत आणि त्यावर नवी स्कीम आली का, हे सहज विचारा. नाशिकच्या एका दुकानावरून जगाचा बाजार कळत नाही, पण निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये कान कशाला द्यायचे ते कळतं.

वाढीकडे बघताना नगांची वाढ आणि किमतीची वाढ वेगळी करा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे बदललेली मशीनं दर वर्षी बदलली जाणार नाहीत. सर्व्हरच्या मोठ्या ऑर्डरींनी विक्री आणि साठा दोन्ही उसळतात, म्हणून तो विभाग वेगळा मोजा.

नाशिकहून पैसे पाठवायचे तर एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. बरेचसे निकाल अमेरिकी बाजार बंद झाल्यावर येतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे. त्या घाईत मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकू नका, आपला भाव ठरवून लिमिट लावा. आणि शेअर घेतलात तर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए हा परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. त्यात हिशोब आर्थिक वर्षाचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा लागतो.