जर्मनीत फुकटचं लाकूड: उचलण्याआधी विचारा

गणपती जवळ आले की नवीन आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतंच, चौरंगासाठी लाकूड स्वस्तात कुठे मिळेल? त्याआधी मला महागात पडलेली एक गोष्ट सांगतो.

मला इथे येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. एका दुकानाच्या मागे युरो पॅलेटची, म्हणजे माल ठेवायच्या ठराविक मापाच्या लाकडी फळ्यांच्या चौकटींची, थप्पी दिसली. मागच्या बाजूला पडलंय म्हणजे टाकलेलंच, असं धरून मी दोन पॅलेट मित्राच्या गाडीत घातले. कुणीतरी नंबर टिपून पोलिसांत कळवलं. पत्र आलं ते मित्राच्या नावाने. ३०० युरो भरून प्रकरण मिटलं, पण तोवर व्हिसाच्या काळजीने आम्हा दोघांची झोप उडाली होती. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

ईपीएएल या युरोपातल्या पॅलेट संघटनेचा शिक्का असलेला, १२०० बाय ८०० मिलिमीटरचा पॅलेट भंगार नसतो. माल भरलेला पॅलेट दिला की त्या बदल्यात रिकामा परत घ्यायचा, असा इथल्या वाहतुकीचा व्यवहार आहे. तो पावसात भिजत पडला असला तरी कुणाच्या तरी मालकीचा असतो. म्हणून ‘डार्फ इश दास मिटनेमेन?’, म्हणजे ‘हे मी नेऊ का?’, एवढं वाक्य पाठ करा. विचारलं तर इथली माणसं बहुतेक वेळा हो म्हणतात, वर गाडीपर्यंत हातही लावतात. न विचारता नेलेलं मात्र त्यांना अजिबात खपत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

एकदाच वापरायचे साधे पॅलेट विचारून घ्या. ‘एचटी’ शिक्का म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते सोडा. तेलाचे डाग असलेलंही नको.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे सुताराचा कारखाना, इथल्या भाषेत श्राइनराई किंवा टिशलराई. बीच आणि ओक या झाडांच्या लाकडाचे हातभर तुकडे तिथे उरतात आणि बऱ्याचदा शेगडीत जातात. एखादं खोकं घेऊन स्वतः जा, काय बनवताय ते सांगा. माझ्या ओळखीच्या सुताराला दिवाळीत लाडवांचा डबा नेऊन देतो; तो माझ्यासाठी जाड तुकडे बाजूला ठेवतो.

बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, फळ्या कापून देतात, तिथे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात.

श्पेरम्युलमध्ये, म्हणजे रस्त्यावर काढून ठेवलेल्या जुन्या सामानात, कपाटाची कड बघा. फळीवरच्या लाकडाच्या रेषा कडेवर उतरल्या तर लाकूड खरं. भुसा दाबलेला दिसला तर सोडून द्या. बारीक भोकांखाली ताजी पिठूळ पूड असेल तर ते घरात आणू नका. डांबरी वासाचे रेल्वेचे स्लीपर कशालाही वापरू नका, जाळूही नका.

‘त्सु फेरशेंकन’, म्हणजे फुकट द्यायच्या जाहिरातीला उत्तर दिलं तर ठरल्या वेळी पोचा. आपल्यातले काहीजण ‘येतो’ म्हणतात आणि जात नाहीत. मला हे फार खुपतं, कारण पुढच्या भारतीयाला तो माणूस उत्तरच देत नाही.

आणलेलं लाकूड काही आठवडे केलरमध्ये, म्हणजे तळघरात, वाळू द्या. मी ओलंच वापरलं होतं. हिवाळ्यात हीटर लागला आणि पाट मधोमध तडकला. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. रविवारी हातोडी आणि ड्रिल बंद. त्या दिवशी मी पॉलिश पेपर हातानेच घासतो.