येऊरच्या फेरीआधी करायची तयारी

रविवारी मुलांना अणुभट्टीच्या अपघातांनंतर किरणोत्सारी झालेल्या चेर्नोबिल (युक्रेन) आणि फुकुशिमाच्या (जपान) जंगलांविषयी सांगायचंय. त्यामुळे आधी पालकांच्या ग्रुपवर स्वच्छ लिहा की येऊरला (ठाण्याजवळच्या राष्ट्रीय उद्यानात) किरणोत्साराचं काही नाही, उगाच कुणी घाबरायला नको.

सुका पाला शनिवारीच सोसायटीतल्या बदामाखालून गोळा करा. राष्ट्रीय उद्यानातलं एक पानही उचलायचं नाही. घमेल्यात माती, वर पाला, त्यावर चाळणीतून हळद आणि मग झारीने पाणी. हळद ओघळत पाल्यात शिरते आणि मातीच्या वरच्या थरात अडकते. हे मुलांना उकिडवं बसून, नीट जवळून बघू द्या. एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर चेर्नोबिलभोवती सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ असाच मुरला. ते निम्मं व्हायला सुमारे ३० वर्षं जातात. शिवाय मुळं ते थोडं थोडं वर ओढतात आणि पानगळीत ते परत खाली येतं.

‘मग सगळं खरवडून का नाही काढत?’ असं कुणीतरी विचारणारच. फुकुशिमा प्रांताचा ७० टक्क्यांच्या आसपास भाग जंगल आहे. २०११ च्या अपघातानंतर तिथे मुख्यतः वस्तीलगतच्या साधारण २० मीटर पट्ट्यातला पाला काढला. डोंगरउतार उघडा केला की पावसात माती वाहते, आणि काढलेला पाला ठेवायचा कुठे? बाकी जंगलात सीझियम आहे तिथेच राखायचं, अळंबी आणि रानडुकराचं मांस तपासल्याशिवाय खायचं नाही आणि वणवा लागू द्यायचा नाही. एप्रिल २०२० मध्ये चेर्नोबिलच्या निषिद्ध क्षेत्रात मोठे वणवे लागले, तेव्हा धुराबरोबर काही सीझियम पुन्हा हवेत गेलं. जाळरेषेचं, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्याचं, महत्त्व इथेच सांगा.

पाड्यावरच्या ताईंकडून वाटीभर चुलीची राख मागून ठेवा, शेजारी सरपणाची मोळी. तिकडच्या दूषित जंगलातलं एवढं लाकूड जाळलं, तर त्यातलं बहुतेक सीझियम एवढ्याशा राखेत उरतं. म्हणूनच जपानात सर्वसाधारण अन्नाला किलोमागे १०० बेकरेलची (हे किरणोत्साराचं माप) मर्यादा आहे, तर सरपणाला ४०. हा आकडा मला फार बोलका वाटतो. घाईत सांगू नका.

चेर्नोबिलजवळच्या, गंजल्यासारख्या तांबूस पडलेल्या पाइनच्या ‘लाल जंगला’चा फोटो छापून घ्या. ती झाडं पाडून चरांत पुरली होती. विद्रूप वासरांची व्हायरल चित्रं मात्र नकोत. मुलं तेवढंच घेऊन घरी जातील.

झाकणाची बादली विसरू नका. हळदीची माती-पाणी त्यात भरून परत आणायचंय, वाटेत कुठेही ओतायचं नाही.