सहीच्या वर कंपनीचं नाव आहे का?

वेर्ण्यात कारखाना असो की मडगावात व्यापार, कंपनीसाठी पैसे उचलताना संचालक वचनचिठ्ठीवर, म्हणजे पैसे फेडण्याच्या लेखी वचनावर, घाईत नुसती सही ठोकतात. तिथंच फसतात. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (वचनचिठ्ठ्या, चेक यांचा कायदा) च्या कलम २८ नुसार, आपण प्रतिनिधी म्हणून सही करतोय हे चिठ्ठीवर दाखवलं नाही, तर सही करणाराच स्वतः देणं लागू शकतो. नावाखाली नुसतं 'संचालक' लिहून भागेलच असं नाही. ती तर फक्त ओळख, असं समोरचा वकील म्हणणारच. मजकुरात 'मी' नको, 'कंपनी वचन देते' हवं. सहीच्या वर कंपनीचं पूर्ण नाव आणि 'करिता'. संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत जपून ठेवा. आणि सोबत हळूच सरकवलेला वैयक्तिक हमीचा कागद? तो आधी वाचा. त्यावर सही केलीत, तर वरची सगळी खबरदारी फुकट.