प्रोजेक्ट ‘९० टक्के झालाय’? आधी या चुका तपासा

आयटी प्रोजेक्ट बुडायला लागतो तेव्हा टीमला ते बरंच आधी माहीत असतं. निर्णय घेणाऱ्यांना मात्र सगळ्यात शेवटी कळतं. ही बातमी वेळेत वर पोचवणं, हे मी प्रोजेक्ट मॅनेजरचं पहिलं काम मानतो.

टक्क्यांत प्रगती सांगणं ही सगळ्यात घातक सवय. ‘पेमेंट मॉड्यूल ९० टक्के’ ही ओळ रिपोर्टमध्ये आठवड्यामागून आठवडे तशीच राहते, कारण अर्धवट अडकलेला व्यवहार, रिफंड, दोनदा दाबलेलं बटण असं सगळं किचकट काम त्या उरलेल्या १० टक्क्यांतच असतं. त्यापेक्षा कामापुढे फक्त ‘झालं’ किंवा ‘नाही’ लिहा. आणि ‘झालं’ कधी म्हणायचं, हे काम हातात घेण्याआधी ठरवा. उदाहरणार्थ: ‘पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली गेली नाही, तर रक्कम आपोआप परत जाते, टेस्टरने तपासलं.’

‘एवढं एक वाढवून द्या ना’ याला तोंडी होकार देऊ नका. तारीख आणि खर्च किती वाढेल ते लिहा, मंजुरी घ्या, मगच काम सुरू करा. अमेरिकेत एफबीआय या तपास यंत्रणेची, तपासाच्या फाइली संगणकावर ठेवण्यासाठीची ‘व्हर्च्युअल केस फाइल’ प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये गुंडाळावी लागली. सतत बदलत गेलेल्या मागण्या हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

उशीर झाला म्हणून माणसं वाढवणं बहुधा अंगलट येतं. ५ जणांत संवादाच्या १० जोड्या असतात, १० जणांत ४५. शिवाय नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. अशा वेळी फीचर कमी करा.

सगळं एकाच दिवशी नव्या सिस्टिमवर नेण्याचा मोहही टाळा. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ ला अख्ख्या शहराचं काम नव्या संगणक प्रणालीवर टाकलं. गाड्या नेमक्या कुठे आहेत हे तिला कळेना, एकाच कॉलवर दोन गाड्या जाऊ लागल्या, आणि दुसऱ्याच दिवशी बरंचसं काम पुन्हा हाताने करायची वेळ आली. आधी एका विभागात चालवून बघा. जुनी पद्धत काही काळ सोबत ठेवा, आणि माघार घ्यायची झाली तर तो निर्णय कोण घेणार, त्या व्यक्तीचं नाव प्लॅनमध्ये आधीच लिहा.