थीम पार्कचा मुक्काम : आत की बाहेर, हे रात्रीगणिक ठरवा

नागपूरहून कोणत्याही मोठ्या थीम पार्कला जायचे म्हटले की एक रात्र किंवा निदान अर्धा दिवस प्रवासात जातोच. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला सकाळी घरून निघून रात्री घरी परतता येते; आपल्याला मुक्काम टाळता येत नाही. त्यामुळे तो पार्कच्या आवारातल्या हॉटेलात करावा की बाहेर, यावर आपल्या सहलीचा खर्चही ठरतो आणि सुखही. बहुतेक कुटुंबे हा निर्णय सबंध सहलीसाठी एकदाच घेतात, म्हणजे तिन्ही रात्री आत किंवा तिन्ही रात्री बाहेर. माझ्या मते चूक येथेच होते. पार्कमधल्या दोन दिवसांच्या मधोमध जी रात्र येते, तीच आत काढण्याच्या योग्यतेची असते. पोहोचण्याची रात्र आणि परत निघण्याच्या आदली रात्र बाहेर काढली तर काहीही बिघडत नाही.

हैदराबादचे उदाहरण घ्या, कारण ते आपल्याला सर्वांत सोयीचे आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेली नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत पहाटे सुटते आणि दुपारी बाराच्या पुढे पोहोचवते. रामोजी फिल्म सिटी शहराच्या मध्यापासून साधारण 30 किलोमीटरवर, विजयवाड्याच्या रस्त्याला आहे. म्हणजे स्टेशनवरून निघून, जेवून, तेथे पोहोचेपर्यंत दिवस कलतो आणि त्या दिवसाचे तिकीट काढणे पैसे वाया घालवण्यासारखे होते. अशा संध्याकाळी आतल्या महागड्या खोलीत आपण केवळ झोपणार असतो. ती रात्र हयातनगर किंवा वनस्थलीपुरमच्या बाजूला साध्या हॉटेलात काढावी आणि दुसऱ्या दिवशी सामानासह आत जावे. फिल्म सिटीत सितारा, तारा, शांतिनिकेतन आणि मोठ्या गटांसाठी सहारा अशी वेगवेगळ्या दर्जांची राहण्याची सोय आहे, त्यामुळे आत राहणे म्हणजे पंचतारांकितच, असेही मानण्याचे कारण नाही.

तेथे बाहेर राहण्याची खरी अडचण अंतराची नाही. आपली गाडी प्रवेशद्वाराशी ठेवून पुढे फिल्म सिटीच्याच बसने जावे लागते. त्यामुळे तुमचे हॉटेल फाटकासमोर असले तरी दुपारी दमलेल्या आजीला किंवा झोपाळलेल्या मुलाला तासाभरासाठी खोलीवर नेऊन परत आणणे जवळजवळ अशक्य होते. ज्या घरात असे कोणी नाही, त्या घराला ही अडचण जाणवतही नाही.

स्वतःची गाडी घेऊन हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल असे जाणाऱ्यांनी शहरात शिरू नये. हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्याने थेट पेद्दा अंबरपेटला उतरावे. वंडरलाचे पार्कही त्याच बाह्यवळण रस्त्यालगत रावीर्यालला आहे. ज्यांना दोन्ही ठिकाणे पाहायची आहेत त्यांनी मध्ये कोठेतरी बाहेर राहणेच शहाणपणाचे, कारण एका पार्कच्या आत राहून दुसऱ्याला जाण्यात आत राहण्याचा सगळा फायदा निघून जातो.

खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे गणित मात्र वेगळे आहे. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी नागपूर सोडले की सकाळी कल्याण येते, तेथून कर्जत-खोपोलीची लोकल मिळते. येथे पहिल्या रात्रीचे हॉटेल लागतच नाही, ती रात्र गाडीत जाते. थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी शेजारी असले तरी त्यांची तिकिटे वेगळी असतात आणि दोन्ही एका दिवसात नीट होत नाहीत, म्हणून पहिला दिवस थीम पार्क, दुसरा वॉटर पार्क आणि मधली एकच रात्र, असा बेत बसतो. ही रात्र आवाराला लागून असलेल्या 287 खोल्यांच्या नोव्होटेलमध्ये काढण्याचा खर्च मला पटतो. सकाळी सामान हॉटेलात ठेवून पार्कमध्ये जाता येते आणि रात्रभराच्या प्रवासानंतर दिवसभर चाललेल्या पायांना पुन्हा वाहन शोधावे लागत नाही. खोपोली गावात किंवा कर्जतला स्वस्त खोल्या मिळतात; लोणावळ्यालाही मिळतात, पण तेवढ्यावरून लोणावळ्यात राहू नये, कारण शनिवार-रविवारी घाटात वाहने अडकली की बाहेर राहून वाचवलेले सगळे तेथेच खर्ची पडते.

बाहेर राहायचे ठरवले की हॉटेलच्या जाहिरातीतल्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. एका सहलीत आम्ही असेच पार्कपासून तीन किलोमीटरवर असल्याचे सांगणारे हॉटेल घेतले होते. ते खरोखर तीन किलोमीटरवर होते, पण महामार्गाच्या पलीकडे. दुभाजकाला जवळपास कोठे फट नव्हती, त्यामुळे जाताना पुढे जाऊन वळसा घ्यावा लागे आणि रात्री परतताना तर रिक्षावाले यायलाच तयार नसत. वॉटर पार्कमधून निघालेली माझी पुतणी ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर घेऊन, हातात ओल्या कपड्यांची प्लॅस्टिकची पिशवी धरून पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि त्या पिशवीतून तिच्या चपलेवर पाणी ठिबकत होते. तेव्हापासून मी नकाशावर सरळ अंतर पाहत नाही. हॉटेलपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून हॉटेलपर्यंत असे दोन्ही बाजूंचे रस्त्याचे अंतर वेगवेगळे तपासतो, आणि तेही रात्री आठची वेळ घालून.

आता पैशांचे पाहू. आत राहण्याच्या खर्चात लोक केवळ भाडे मोजतात, कर विसरतात. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यापुढच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो. समजा आतली खोली 9,000 रुपयांची आहे, तर ती प्रत्यक्षात 10,620 रुपयांना पडते. बाहेरची 3,500 रुपयांची खोली 3,675 रुपयांना. फरक 6,945 रुपयांचा झाला. यातून जाण्या-येण्याची टॅक्सी, चौघांची न्याहारी (आतल्या भाड्यात ती धरलेली असल्यास) आणि लॉकरचे पैसे वजा करावेत, आणि आतल्या हॉटेलात रात्रीचे जेवण जितके महाग पडते तेवढे पुन्हा मिळवावे. जी रक्कम उरेल ती दोन-अडीच तासांच्या आरामाची आणि दुपारच्या विश्रांतीची किंमत आहे. साठी ओलांडलेले कोणी किंवा पाच वर्षांखालचे मूल सोबत असेल तर मी ती बिनदिक्कत देतो. कॉलेजच्या मुलांनी देऊ नये. ती सकाळी पार्क उघडताना रांगेत असतात आणि बंद होताना बाहेर पडतात, खोलीत फक्त पाठ टेकतात.

जेवणाबद्दल एवढेच की बहुतेक पार्कांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. आपल्या घरून निघालेल्या पिशवीत चिवडा, लाडू, दशम्या असतातच. खोली जवळ असेल तर दुपारी त्यांचा उपयोग होतो, नाहीतर ते तसेच नागपूरला परत येतात.

तारखांच्या बाबतीत विदर्भाला एक सवलत आहे, तिचा फायदा घ्यावा. उन्हामुळे आपल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तर उर्वरित महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. मधल्या काळात खोपोलीकडच्या पार्कांत शाळकरी मुलांची गर्दी ओसरलेली असते. मात्र तोपर्यंत कोकणात पाऊस लागलेला असतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. अशा वेळी आत राहणारे खोलीत जाऊन पाऊस ओसरण्याची वाट पाहू शकतात, बाहेर राहणाऱ्यांना आडोशाला ताटकळावे लागते. म्हणून जूनमध्ये मी आतल्या मुक्कामाकडे झुकतो आणि हिवाळ्यात, हवा चांगली असताना, बाहेरच्या.

परदेशी जाणाऱ्यांनी अंतराचा विचार न करता आत राहिल्याने वेळ किती हाती येतो ते पाहावे. ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना रोज इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश मिळतो, आणि तेथल्याच युनिव्हर्सलच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक व रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांच्या भाड्यात रांग टाळणारा एक्सप्रेस पास धरलेला असतो. गर्दीच्या दिवसांत तोच पास वेगळा घ्यायला गेल्यास बराच महाग पडतो, त्यामुळे तेथे आतली खोली महाग दिसली तरी महाग ठरतेच असे नाही. सिंगापूरला उलट आहे. लिटल इंडियाहून हार्बरफ्रंटपर्यंत मेट्रोची एकच थेट लाइन आहे, पुढे सेंटोसा एक्सप्रेसने युनिव्हर्सल स्टुडिओज गाठता येतो, आणि लिटल इंडियात शाकाहारी जेवण हाताशी असते. तेथे सेंटोसावरच्या हॉटेलसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

खोली पक्की करण्यापूर्वी हॉटेलला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात : चेक-इनच्या वेळेआधी सामान ठेवून घेतील का, न्याहारी पार्क उघडण्यापूर्वी मिळेल का, रात्री फाटकावरून आणायला वाहन येईल का आणि शेवटचे कधी, आणि बेत रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का. फोनवर मिळालेली उत्तरे व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी मागून घ्यावीत, आणि ती आल्यावरच आगाऊ रक्कम पाठवावी.