स्कूटर प्रवासासाठी प्रायोजक आणि संस्थेसाठी देणग्या: दोन्ही एकत्र कसे जमवावे

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरला की मला फोन येऊ लागतात. "स्कूटरवरून कन्याकुमारीला चाललोय, एका संस्थेसाठी पैसे जमवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?" सर्व्हिसिंग, बेल्ट, विमा, रेनकोट हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

संस्था निवडा. तिचे ८०जी प्रमाणपत्र, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारे, चालू आहे का पाहा आणि तुम्ही तिच्यासाठी आवाहन करत आहात असे पत्र लेटरहेडवर घ्या. पत्र द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था बघा.

खर्च कागदावर मांडा. पणजीहून महामार्ग ६६ ने कन्याकुमारी एका बाजूने साधारण ११०० किलोमीटर. लिटरला ४५ देणाऱ्या स्कूटरला जाऊन-येऊन ५० लिटर पेट्रोल लागते, आणि कर्नाटक-केरळात ते गोव्यापेक्षा महाग आहे हे धरा. त्यात मुक्काम, जेवण, एक जादा टायर. हा आकडा लहान असतो. त्यासाठी मोठ्या कंपन्यांना ईमेल पाठवून महिने घालवू नका. तुम्हाला नावाने ओळखणारा टायरवाला, काजूचा दुकानदार, गावचा गॅरेजवाला यांच्याकडे स्वतः जा.

आता खरी अडचण. पहिल्या प्रवासात मी सगळे पैसे माझ्या बचत खात्यात घेतले. टायरवाल्याचे पाच हजार, आत्याचे अकराशे, ऑफिसातल्यांचे पाचशे-पाचशे, सगळे एकाच पासबुकात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेटी घेऊन उभा होतो, तेव्हा एका वयस्कर बाईंनी शंभराची नोट काढली आणि विचारले, "बाबा, ह्यातले तुझ्या पेट्रोलाला किती जाणार?" मला उत्तर देता आले नाही. नोट त्यांनी पेटीत टाकली, मी मात्र त्या रात्री हिशेब घेऊन बसलो आणि तो जुळेना. शेवटी प्रवासाचा सगळा खर्च पदरचा घातला आणि खात्यात आलेला रुपयान् रुपया संस्थेला दिला. कोणी लबाडी केली नव्हती, पण तसे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हते.

तेव्हापासून माझा नियम एकच. प्रायोजकाने द्यायचे ते प्रवासाला, देणगीदाराने द्यायचे ते संस्थेला, आणि देणगीचा पैसा माझ्या हाताला लागता कामा नये. पत्रकावर, स्कूटरच्या डिकीवर, व्हॉट्सअॅपच्या संदेशात संस्थेच्याच खात्याचा क्यूआर कोड. पावती संस्था देते. रोख देऊ पाहणाऱ्यालाही संस्थेच्या कार्यालयाचा पत्ता सांगा. दोन हजारांहून जास्त रोख दिली तर करसवलत मिळत नाही, हेही सांगा.

"आधी देणग्या जमवा, मग तो आकडा दाखवून प्रायोजक गाठा" हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. तो चुकीचा आहे. खर्च आधी पूर्ण भागवा, प्रायोजकांकडून किंवा ते जमले नाही तर स्वतःच्या खिशातून, आणि मगच पहिली देणगी मागा. तेव्हाच बाजारातल्या त्या बाईंना "एक पैसाही नाही" असे सांगता येते. "जमलेल्यातले दहा टक्के प्रवासखर्चाला" हेही मला मुळीच मान्य नाही.

प्रायोजकाकडे शक्यतो वस्तूच मागा: टायर, एका रात्रीची खोली, जॅकेट. बदल्यात काय देणार ते एका पानावर लिहून दोघांनी सही करा: स्टिकर कुठे, केवढा, फोटो किती. कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेल्या पैशातून, प्रायोजकत्व मागू नका. स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, २०२१ च्या नियमांत तसे स्पष्ट आहे. कंपनीला दानही करायचे असेल तर तिने संस्थेशी वेगळा पत्रव्यवहार करावा. आणि मुलांच्या किंवा व्यसनमुक्तीच्या संस्थेसाठी निघाला असाल तर दारूचे आणि कॅसिनोचे पैसे घेऊ नका, कितीही मिळत असले तरी.

गोव्यात आणखी एक पेच हमखास येतो. लंडनमधला शाळासोबती म्हणतो, मी पण पाठवतो. त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर कायद्याने तो परदेशी नागरिक आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. त्याची देणगी परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच चालते, तीही त्यासाठीच्या खास खात्यात. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणारा भाऊ स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतो. पासपोर्ट कुठला, हे विचारायला संकोचू नका. चूक झाली तर ती संस्थेला निस्तरावी लागते.

किलोमीटरमागे रुपया देईन असे कबूल करणाऱ्यांकडून पूर्ण रक्कम निघण्यापूर्वीच संस्थेत भरून घ्या. परतल्यावर वसुली करत फिरणे फार जड जाते.

स्टिकर लावताना नंबर प्लेट आणि दिवे झाकू नका. मग निघा.

परतल्यावर आठ दिवसांत संस्थेकडून जमा रकमेचे पत्र घ्या. त्याची प्रत, खर्चाचा हिशेब आणि स्टिकर दिसेल असा एक फोटो घेऊन प्रत्येक प्रायोजकाच्या दुकानात स्वतः जाऊन द्या.