कॅटलोनियाची ऑरगॅनिक वाईन घेताय? आधी बाटली फिरवून मागे बघा

बार्सिलोनाला गेलात किंवा तिथून कोणी बाटली आणणार असेल तर पुढच्या सुंदर लेबलवर जाऊ नका, मागच्या बाजूला छोटं हिरवं पान शोधा, युरोपियन ऑरगॅनिकचं, आणि त्याच्याजवळ ईएस-ईसीओ-०१९-सीटी हा कोड, म्हणजे सर्टिफिकेट कॅटलोनियातल्याच संस्थेचं आहे. नुसतं 'नॅचरल' लिहिलेलं असेल तर त्याला तसा काही अर्थ नाही हां.

मग द्राक्षाचं नाव बघा. पांढरी हवी तर शारेल्लो (बार्सिलोनाजवळच्या पेनेदेस भागाची खास, आंबटपणा मस्त, तळलेल्या माशाबरोबर एकदम भारी), हलकी लाल हवी तर त्रेपात, जरा रांगडी चालत असेल तर सुमोय. फेसाळणारी घेणार असाल तर 'कोर्पिन्नात' (काही वायनरींचा सामूहिक ब्रँड) शोधा, त्यात द्राक्षं १०० टक्के ऑरगॅनिक, हाताने तोडलेली असतात आणि वाईन बाटलीत कमीत कमी १८ महिने मुरवलेली असते.

आता द्राक्षांच्या रोगप्रतिकारक, म्हणजे बुरशीला सहज बळी न पडणाऱ्या जाती, त्यांना पीवी म्हणतात, उदा. सूविन्ये ग्री. नेहमीच्या द्राक्षांवर ऑरगॅनिकमध्येही केवडा या बुरशीच्या रोगासाठी तांबं आणि भुरी या दुसऱ्या बुरशीसाठी गंधक मारावंच लागतं, आणि तांबं मातीत साठत जातं म्हणून युरोपात त्याला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. या जातींना फवारण्या बऱ्याच कमी लागतात. आल्बेत इ नोया ही पेनेदेसची वायनरी तर स्थानिक द्राक्षांशीच त्यांचा संकर करतेय. चवीला शारेल्लोची सर अजून नाही असं माझं मत, पण दुकानात दिसली तर एक बाटली घ्याच, आणि फार थंड करू नका, १० डिग्री पुरे.